घर डाव्या हाताला

आमच्या गावात कुणाला मोठ्या प्रवासी जहाजाचं तिकीट मिळालं, की ते माणूस आधी येर्को बार्बांकडे जातं. म्हाताऱ्या खलाशाला आमच्याकडे बार्बा म्हणतात. येर्को बार्बांनी मात्र कधी सुकाणू धरलं नाही की दोर ओढला नाही. एकतीस वर्षं ते आलिशान जहाजांवर प्रवाशांच्या खोल्या आवरत होते. आता देवळाच्या भिंतीपाशी, पाइनच्या सावलीतल्या बाकावर बसतात आणि विचारील त्याला उत्तर देतात.

"बार्बा, उलट्या होतील का हो?"

"पोटभर जेवून चढ. रिकामं पोट जास्त उसळतं. आणि खोली मधल्या मजल्यावरची माग. वरच्या मजल्यावर श्रीमंतांना झोके, खाली आपल्याला झोप."

"कप्तानाबरोबर जेवण असतं म्हणे. घालू काय?"

"रविवारी देवळात मिस्साला घालतेस तेच. कप्तान तुझ्याकडे बघत नाही, घड्याळाकडे बघतो."

"गाव बघायला उतरलो आणि जहाज निघून गेलं तर?"

"हात हलव. दुसरं काही हातात उरत नाही."

मीही एकदा विचारलं होतं, रविवारी जहाजावर मिस्सा होते का. म्हणाले, होते, नाचाच्या दालनात, सकाळी आठला, धर्मगुरू प्रवासात असले तर. "मी चादरी काखोटीला मारून मागच्या दाराशी उभा राहायचो, विन्का. प्रसाद घ्यायला पुढे जाता यायचं नाही. गणवेशात होतो ना."

प्रवाशांनी त्यांना काय काय विचारलं ते ऐकावं. एका बाईची तक्रार होती, की शेजारणीच्या खिडकीत चंद्र दिसतो आणि माझ्या नाही, भाडं तर सारखंच घेतलंत. एकाला टॉवेलचा केलेला हंस घरी न्यायचा होता, तोही न मोडता. एक म्हातारे गृहस्थ दरवर्षी दोघांचं तिकीट काढून एकटेच यायचे. दुसऱ्या उशीवरही रात्रीचं चॉकलेट ठेवायला सांगायचे. बार्बा ठेवायचे. सकाळी चॉकलेट तिथंच असायचं, बार्बा ते उचलून नवीन ठेवायचे.

"एवढी माणसं, एवढे प्रश्न," ते म्हणायचे, "पण तुमचं घर कुठं, असं एकीनंच विचारलं. व्हिएन्नाची शिक्षिका होती. मी म्हटलं, आत्ताच मागं गेलं बाई, डाव्या हाताला."

आणि खरंच तसं व्हायचं. उन्हाळ्यात दर दुसऱ्या शनिवारी त्यांचं जहाज आमच्या खाडीतून जायचं, एकदा जाताना, एकदा परतताना, एका बाजूला आमचा किनारा, दुसऱ्या बाजूला बेट. थांबायचं नाही. कप्तान या किनाऱ्याचा असला तर तीन भोंगे द्यायचा, उतारावरच्या मारियामातेच्या देवळातून घंटा उत्तर द्यायची. आणि ज्या घरचं माणूस जहाजावर असेल त्या घरच्या बाईनं सज्जात उभं राहून लग्नातली पांढरी चादर हलवायची. ही आमच्याकडची जुनी रीत. शिडांच्या जहाजांपासूनची.

बार्बांची बायको काता हिनं ती चादर एकतीस उन्हाळे हलवली. चादरीला तीन ठिकाणी ठिगळ आहे, पण दुसरी घेऊ देत नाही. आणि पुढच्या बंदरातून बार्बांचा फोन यायचा, "काता, दिसली गं चादर. काय जोरात हलवत होतीस!" ही गोष्ट सगळ्या गावाला पाठ. लग्नाच्या जेवणात सांगतात. फादर बाल्दोंनी एकदा प्रवचनातसुद्धा सांगितली.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीनं, नेवेन्कानं, आईबापांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून दोघांचं तिकीट काढलं. सात दिवस. इटलीतल्या त्रिएस्तेहून निघायचं, ग्रीसची बेटं बघायची, परत त्रिएस्ते. कातानं आधी तोंडच फिरवलं.

"टोमॅटोला पाणी कोण घालील?"

"मी घालीन," मी म्हटलं.

"आणि कोंबड्या?"

"त्याही माझ्याकडे."

"आणि धुतलेले कपडे वाळत कुठं घालायचे? हा म्हणतो, तिथं दोरी बांधू देत नाहीत. मग ते कसलं आलिशान!"

शेवटी तिला पटवलं ते मार्गानं. जहाज जाताना आणि येताना आमच्याच खाडीतून जाणार होतं. काता बार्बांना म्हणाली, "तू जिथं उभा राहून चादर बघायचास ती जागा मला दाखव. तेवढ्यासाठी येते."

बार्बांचा चेहरा मी बघितला. मला वाटलं, आनंदानं गलबललेत.

दुसऱ्या दिवशी मी अंजिरं वाळत घालत होते, तर बार्बा अंगणात येऊन उभे. टोपी हातात. बसायला सांगितलं तर बसेनात.

"विन्का, तू देवाधर्माची. तुला सांगतो. मी ती चादर कधी पाहिलेली नाही."

"म्हणजे? कधी?"

"एकदाही नाही. दुपारी चार-पाचला वरच्या डेकवर प्रवासी. आमची रात्रीच्या बिछान्यांची वेळ. मी पाचव्या मजल्यावर, आतल्या बोळात. तिथं खिडकी म्हणून नाही. भोंगा झाला की पायाखालचं लोखंड थरथरायचं, तेवढं कळायचं. मग मी असेन तिथं थांबायचो, हातात उशी असली तर उशी, आणि घराकडे तोंड करून क्रूसाची खूण करायचो. पहिल्याच वेळी फोनवर तिनं विचारलं, दिसली का? आता ती उन्हात तासभर उभी राहिलेली. मी नाही म्हणू? म्हटलं, दिसली. मग एकतीस वर्षं दिसतच राहिली."

"फादरना सांगितलंत?"

"दर ईस्टरला सांगतो. ते म्हणतात, मला काय सांगतोस, तिला सांग. बाल्दोंचं काय जातंय, त्यांना बायको नाही!"

मला हसू आलं, त्यांना आलं नाही.

"आता ती म्हणते जागा दाखव. कुठली जागा दाखवू, पोरी? चादरींचं कपाट? मी ठरवलंय. सज्जात तू चादर हलव. मी एकदा तिच्याशेजारी उभा राहून डोळ्यांनी बघतो. एकदा खरी बघितली की तिथंच सांगून टाकतो. नुसतं खोटं हातात घेऊन तिच्यापुढं कसा जाऊ? थोडं तरी खरं बरोबर हवं."

मी मारियामातेची शपथ घेऊन हो म्हटलं. शपथ घ्यायला नको होती.

मारियामातेच्या जन्मदिनानंतरचा मंगळवार. जहाज चारच्या सुमारास येणार असं ठरलेलं. मी साडेतीनलाच काताच्या सज्जात. चादर कातानंच इस्त्री करून ठेवलेली. चारला पाच कमी असताना बेटाच्या टोकामागून पांढरंशुभ्र जहाज आलं, इमारतीएवढं. मी हलवायला लागले. खांदे भरून आले तरी थांबले नाही. डेकवरून माणसांनी हात हलवले, एकानं टोपी उडवली. मी रडलेसुद्धा. भोंगा काही झाला नाही. मनात म्हटलं, कप्तान परका असणार. घरी येऊन रोजच्या वहीत लिहिलं, "४ वा. चादर हलवली. काम नीट झालं. देवाची कृपा." आणि पाचच्या जपमाळेला देवळात गेले.

माळेच्या तिसऱ्या दहा मण्यांपर्यंत आलो होतो. भोंगा झाला. एक, दोन, तीन. डोक्यावर घंटा सुरू झाली आणि माझ्या हातातली माळ सुटली. मी उतारावरून धावले ते कसं, माझं मला माहीत. सज्जात पोचले तोवर जहाजाची पाठ वळलेली होती. मागचा फेस तेवढा दिसत होता.

चारचं जहाज भलतंच होतं. त्यांचं त्रिएस्तेहून तासभर उशिरा सुटलं, कुणी दोन प्रवासी वेळेवर आले नाहीत म्हणून. हल्ली सगळी सारखीच पांढरी, सारखीच उंच. मी परक्या माणसांसाठी रडले होते.

पुढचे चार दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. फोन करायचा धीर होईना. वहीतली ती ओळ खोडली. अंजिरांचा मुरंबा लावला तो करपला.

शनिवारी त्यांचं जहाज परतीच्या वाटेवर खाडीतून जाणार होतं. मी शेजारच्या लुत्सेच्या नातीला जहाज कुठं आहे ते दर पाव तासाला तिच्या फोनमध्ये बघायला लावलं, आणि भोंग्याच्या आधीपासून चादर धरली. या वेळी चूक नव्हती. तीन भोंगे झाले, घंटा झाली, आणि मी ती ठिगळांची चादर अशी हलवली की बेटावरच्या लोकांनाही दिसली असेल. डेकवर कठड्याशी माणसं होती. मी डोळे ताणून बघत राहिले. ते दोघं काही दिसले नाहीत.

सोमवारी दोघं घरी आली. मी मुरंब्याची बरी निघालेली एकच बरणी घेऊन गेले. अंगणात काता बसलेली, पाय पाण्यात. बार्बा कोंबड्या मोजत होते.

"काता, मला तुमच्याशी बोलायचंय. मंगळवारी मी..."

"ये, बस आधी," काता म्हणाली. "तू मंगळवारी नव्हतीस सज्जात. माहीतेय."

बार्बांनी मान वर केली नाही.

"कठड्याशी उभे होतो," काता सांगू लागली. "हा माझा हात धरून. हात कसला, ओला फडका. मला वाटलं, म्हाताऱ्याला वारा बाधला. आपलं घर आलं. सज्जा रिकामा. मी बघितलं याच्याकडे, तर याचा चेहरा असा, की आता रडतो की काय. मग मीच ओरडले, ती बघ, ती बघ, दिसतेय की चादर! काय जोरात हलवतेय विन्का!"

"तू?" मी म्हटलं. "तुला दिसली?"

"कुठली दिसते! नव्हतीच ना."

बार्बा आता बोलले. "मी म्हटलं, काता, तिथं काही नाही. आणि मी कधीच काही पाहिलेलं नाही. सगळं सांगितलं. तिथंच, माणसांत. एक जर्मन बाई आमचा फोटो काढत होती. तिला वाटलं, आम्ही देखावा बघून रडतोय."

"आणि ही काय म्हणाली?"

"म्हणाली, मला माहीतेय."

काता पाण्यातले पाय पुसत होती. "तिसऱ्या वर्षापासून माहीतेय. माझ्या आईला धाप लागली म्हणून मी चार दिवस डोंगरापलीकडे होते. तिथून समुद्र तरी दिसतो का! चादर पेटीत. आले त्या दिवशी पोस्टात फोन, काता, काय जोरात हलवत होतीस!"

"आणि तू इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"बोलून काय करायचं? तो थांबायचा म्हणे, उशी हातात धरून. ते मला माहीत नव्हतं. पण भोंगा झाला की हा माणूस माझी आठवण काढत असणार, एवढं कळत होतं. मग मी खाली कशी बसू?"

मी बरणी पुढे करणार होते. मग आठवलं. "पण शनिवारी? शनिवारी तर मी होते! हात गळून पडायची वेळ आली माझी. तुम्ही डेकवर का नव्हतात?"

दोघं एकमेकांकडे बघून हसली. पोरांसारखी.

"हिनं हट्ट धरला," बार्बा म्हणाले. "मला तुझी जागा बघायचीय. तेवढ्यासाठी आलेय. आमची खोली आवरणारी एक बाई होती, मर्लिन, फिलिपिन्सची. पाच वाजता ती बोळात बिछाने करत होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, या, उभे राहा, फक्त माझ्या गाडीला धक्का देऊ नका. आणि कातानं तिला विचारलं, तुझं घर कुठं गं? तर तिनं खिशातून मुलाचा फोटो काढून दाखवला."

"तो बोळ बघितलास तू, काता?"

"बघितला. आपल्या तळघरासारखा, फक्त गालिचा आहे. याच्या हातात मर्लिननं उशी दिली. भोंगा झाला. विन्का, खरंच पायाखाली कळतं गं. टाचेतून वर येतं. याचा चेहरा बदलला. उशी छातीशी धरली, डावीकडे वळला आणि क्रूसाची खूण करायला लागला."

काता एवढी हसायला लागली की तिला पुढचं बोलता येईना.

"सांग, सांग," बार्बा म्हणाले. "आज ना उद्या गावभर होणारच."

"मी त्याचे खांदे धरून फिरवलं. म्हटलं, अरे बाबा, जाताना डावीकडे. येताना घर उजवीकडे येतं! एकतीस वर्षं, दर परतीच्या फेरीला, या माणसानं समोरच्या बेटाला आशीर्वाद दिलाय!"

"आत काही कळत नाही," बार्बा पुटपुटले. "खिडकी नाही ना."

"मग तसेच उभे राहिलो. उजवीकडे तोंड करून. घंटा ऐकू येत नाही तिथं. पण याला म्हटलं, आता घंटा होत असेल. तो म्हणाला, आता ती चादर हलवत असेल."

कातानं माझ्या हातातून बरणी घेतली आणि झाकण उघडून वास घेतला.

"दिसली गं विन्का, शनिवारी," ती म्हणाली. "छान दिसली."