काउंटरखालचा मातीचा डबा

माझ्या बायकोला हे माहीत नाही. भावाला नाही. आणि ज्याला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, त्याला तर नाहीच. अठरा वर्षं मी बारमध्ये काम करतोय. तिसऱ्या पेगनंतर लोक माझ्या गळ्यात पडून काय काय सांगतात — कुणी आईला टाकलेलं असतं, कुणी मित्राला फसवलेलं असतं. मी मान हलवतो, बर्फ आणून देतो. माझं स्वतःचं मात्र आतच राहिलं. आज तुम्हाला सांगतो. प्यायलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचा बार विसरवाडीच्या पुढे, हायवेला लागून आहे. पलीकडे गुजरात, आणि गुजरातेत दारूबंदी. त्यामुळे आमच्याकडे गर्दी बारा महिने. शेठ धानोऱ्याचे. शेतीवाडीचं घर, माणूस तसा मनानं चांगला, पण दारावर लिंबू-मिरची बांधल्याशिवाय शटर उघडू देणार नाही. मांजर आडवं गेलं तर गाडी परत फिरवणारा माणूस.

आणि मी? मी रतन. चिंचपाड्याजवळच्या एका गावातला, मावची आदिवासी घरातला. माझा हात असा बसलेला की माप न घेता साठ म्हणजे साठच पडणार. नेहमीचं गिऱ्हाईक दारातून आत येताना त्याच्या चपलांचा आवाज ऐकून मी बाटली काढायचो. हे मी फुशारकीनं सांगतोय का? हो, फुशारकीनंच. कारण दुसरं काही नव्हतं माझ्याकडे.

शेठनी मागच्या बाजूला एसीचा नवा हॉल बांधला. उंच लाकडी काउंटर, मागे आरसा, वरून टांगलेले ग्लास. मिस्त्री काम करत होता तेव्हा मी रोज जाऊन त्या लाकडावरून हात फिरवायचो. ट्रे घेऊन फिरायचे दिवस संपले, आता आपण इथे उभे राहणार — असं मी घरी सांगूनसुद्धा टाकलं होतं. बायकोनं मला काळी पँट शिवून आणली.

आणि शेठनी त्या काउंटरमागे सायसिंगला उभं केलं.

सायसिंग धडगावकडचा, वर डोंगरातला पावरा. तिशीचा असेल. गोव्यात एका मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये आठ वर्षं काढून आलेला. त्याची बायको विसरवाडीजवळच्या आश्रमशाळेत शिक्षिका होती, मुलगी चार वर्षांची. वर्षातून दोनदा घरी येणाऱ्या बापाला ती मुलगी 'काका' म्हणाली, म्हणून तो गोवा सोडून आला होता. हे त्यानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्याची पावरी मला नीट कळत नसे, माझी मावची त्याला कळत नसे, म्हणून आम्ही मराठीत बोलायचो. तो मला दादा म्हणायचा. मला तेही झोंबायचं.

तो काय करायचा, ते सांगतो. घरून वाळलेली मोहफुलं आणायचा. हातभट्टीची दारू नव्हे हं, नुसती फुलं. ती निवडायची, धुवायची, भिजत घालायची, मंद आचेवर उकळून गाळायची. काकवीसारखा रंग यायचा. त्यात डोंगरातल्या आमचुराचं आंबट पाणी, चिमूटभर काळं मीठ, वरून रम, आणि मग तो बर्फ घालून ते स्टीलचं भांडं खांद्याशी धरून असं हलवायचा की टेबलावरचे लोक बोलायचे थांबायचे. सुरतेहून, व्याऱ्याहून माणसं त्या एका ग्लाससाठी यायला लागली. आमच्या हायवेवर! जिथे लोक क्वार्टर पँटमध्ये खोचून निघून जातात, तिथे माणसं ग्लासचा वास घेत बसायला लागली.

एका दुपारी चौघे आले आणि त्यांना सायसिंगबरोबर फोटो हवा होता. फोन कुणाच्या हातात दिला? माझ्या. मी फोटो काढला आणि बरोबर त्याचंच डोकं कापलं. मुद्दाम. चाळिशी ओलांडलेला माणूस, दोन लेकरांचा बाप, आणि ही माझी मर्दुमकी.

हसू येतंय ना? मलाही येतं. पण तेव्हा पोटात जे दुखायचं ते खरंच दुखायचं. मी त्याच्या चुका शोधायचो. सापडायच्या नाहीत. एकदा एका गिऱ्हाइकानं अर्धा टाकलेला त्याचा ग्लास मी मोरीवर नेऊन गुपचूप पिऊन पाहिला. वाईट असेल, या आशेनं. तो वाईट नव्हता. माझी आई मोहफुलं भाजून तिळाबरोबर कुटायची, तोच वास घशात उतरला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच मोहाचं नाव निघालं की मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांसमोर नाक मुरडत आलो होतो. 'आपल्याकडे कंपनीचाच माल मिळतो, साहेब.' आणि हा मात्र तोच मोह काउंटरवर मांडून टाळ्या घेत होता. मी जे लपवलं ते त्यानं उघड्यावर आणलं आणि लोक त्याच्यावर खूश झाले — याचा राग कुणावर काढायचा असतो?

आता त्या डब्याचं सांगायला हवं. मी टाळतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

आमच्यात — माझ्या गावात काय, त्याच्या डोंगरात काय — प्यायच्या आधी चार थेंब जमिनीवर सांडतात. पूर्वजांच्या नावानं. जे गेले त्यांना आधी, मग आपण. माझा बाप सांडायचा, त्याचा बाप सांडायचा. मीही बारमध्ये लागलो तेव्हा पहिल्या होळीला सांडले होते. शेजारी उभा असलेला वेटर म्हणाला, 'हा बघा, पिता पण येत नाही याला, हात थरथरतो.' सगळे हसले. त्यानंतर मी कधी सांडले नाहीत.

सायसिंग मात्र रोज सांडायचा. नवी बाटली फोडली की पहिले चार थेंब. पण काउंटरमागे चकचकीत फरशी. तिच्यावर ओतलं तर फरशी पुसणाऱ्या बाईला त्रास, आणि फरशी म्हणजे काही जमीन नव्हे. म्हणून त्यानं काय करावं? बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आपल्या गावची माती आणली आणि तो डबा काउंटरखाली ठेवला. थेंब त्या मातीत. मला त्यानं स्वतः दाखवला होता. म्हणाला, 'तुम्हाला काय सांगायचं दादा, तुम्ही आपलेच.'

मार्चअखेरीला मोहाची फुलं पडायला लागली आणि तो दोन दिवसांची रजा घेऊन ताजी फुलं वेचायला वर गेला. त्याच दिवसांत शेठचे ग्रह फिरल्यासारखं झालं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं, एका टँकरनं कंपाउंडची भिंत पाडली होती, आणि त्या सकाळी थोरली म्हैस मेली होती. शेठ हॉलमध्ये आले आणि त्यांना काउंटरखाली तो डबा दिसला.

नाही. हे मी आजवर स्वतःलाही असंच सांगत आलो. त्यांना डबा दिसला नाही. शेठ काउंटरमागे कधी वाकलेसुद्धा नसते, त्या गुडघ्यानं कसे वाकणार? डबा मी काढला. साफसफाईच्या नावाखाली मी तो बाहेर घेतला, झाकण उघडलं आणि शेठ ज्या खुर्चीवर बसतात तिच्या समोरच्या टेबलावर ठेवला. ओली काळी माती, तिला दारूचा वास. मग मी फडकं घेऊन आरसा पुसत उभा राहिलो. आरशात मला शेठ दिसत होते.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. ड्रायव्हर होता, कूक होता, सगळ्यांसमोर त्यांनी मला हाक मारली.

"आरे रतन, हाई काय शे? हाई माती आठे कोनी आनी?"

"सायसिंगची आहे शेठ."

"तू बी त्यास्नामाधलाच शे ना? तुले माहीत व्हई. सांग, हाई काय शे?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. 'शेठ, हे पूर्वजांचं आहे, तुम्ही पितरांना घास ठेवता तसंच.' शेठना ते लगेच पटलं असतं. तो देवभोळा माणूस होता, दुष्ट नव्हता. त्या हॉलमध्ये ते वाक्य माहीत असलेला एकच माणूस होता आणि तो मी होतो. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आमच्याकडे असं काही करत नाहीत शेठ. मला नाही माहीत." एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ... पण मी थांबलो नाही. आवाज खाली घेऊन म्हणालो, "वर डोंगरात लोक मातीवर काहीबाही करतात म्हणे. करणी वगैरे. खरं-खोटं देव जाणे."

देव जाणे! मी जाणत होतो की.

शेठ डब्यापासून चार पावलं मागे सरकले. "त्याले म्हना, तोंड बी दखाडू नको," एवढंच बोलले आणि निघून गेले. डबा ड्रायव्हरनं काठीनं ढकलत नेऊन नाल्यात टाकला. माझ्या बापजाद्यांनाही त्याच मातीत जागा होती, हे मला त्या वेळी सुचलं नाही असं म्हणणार नाही. सुचलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सायसिंग बसमधून उतरला, डोक्यावर फुलांचं गाठोडं. गेटवर वॉचमननं त्याला अडवलं. कारण कुणीच सांगितलं नाही. ते त्याला घरमालकानं सांगितलं; ड्रायव्हरच्या तोंडून करणीची गोष्ट विसरवाडीत त्याच्या आधी पोहोचली होती. घरमालक म्हणाला, खोली रिकामी करा, आमच्या घरात लहान लेकरं आहेत. सायसिंगच्याही घरात लहान लेकरू होतंच ना?

तो माझ्याकडे आला. बारच्या मागे, जिथे आम्ही रिकाम्या बाटल्यांची पोती रचतो, तिथे उभा राहिला. चिडलेला नव्हता. गोंधळलेला होता. "दादा, तुम्ही शेठना सांगा ना. तुम्हाला माहीत आहे ते काय आहे."

मी म्हणालो, "सांगितलं रे. खूप सांगितलं. ऐकतच नाहीत."

त्यानं माझे दोन्ही हात धरले. माझ्यामुळे तुमच्या नोकरीला धक्का लागायला नको, म्हणाला. आणि जाताना ते गाठोडं माझ्याकडे दिलं — आता गोव्याला परत जाताना ही फुलं कुठे नेऊ, वाया जातील. फुलं किती वेळ भिजवायची, आच किती ठेवायची, आमचूर कधी घालायचं, सगळं त्यानं तिथेच पोत्यावर बसून मला समजावलं. दोनदा. मी दुसऱ्यांदा विचारलं म्हणून.

त्याची बायको मुलीला घेऊन शाळेच्या एका खोलीत राहायला गेली. तो गोव्याला गेला. आठवड्याभरात मी काळी पँट घालून काउंटरमागे उभा होतो.

तीन वर्षं झाली. ते ग्लास आता मी बनवतो. लोक खूश होतात, फोटो काढतात. कुणी विचारतं, कुठे शिकलात? मी सांगतो, आमच्या घरचंच आहे. मात्र त्याच्या हाताची चव माझ्या हाताला आली नाही. जुनी गिऱ्हाइकं बोलत नाहीत, पण दुसरा ग्लास मागवत नाहीत. आणि खरं सांगू? मला अजून त्याचा हेवा वाटतो. मी त्याचं सगळं घेतलं, तरी वाटतो.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी हॉल रिकामा होता. शेठ काउंटरच्या पुढ्यात स्टुलावर बसून चहा पीत होते. गुडघा बरा झाला होता, भिंत नवी झाली होती. आपणहून म्हणाले, "त्या पोऱ्याना हातले चव व्हती. गरमागरमीमा काढी दिना मी त्याले. आते त्यानामायक कोनी भेटी का?" त्याच्यासारखा आता कोण मिळणार, हे ऐकत मी ग्लास पुसत राहिलो. आणि तेवढ्यात — योगायोग म्हणा, काही म्हणा — माझा फोन वाजला. सायसिंग होता.

मुलगी आठवीत-नववीत गेल्यावर येऊन उपयोग काय, म्हणाला. आत्ता यायचं आहे. काहीही काम चालेल, टेबल पुसेन. "दादा, शेठजवळ माझ्यासाठी एक शब्द टाकाल का? तुमचं ऐकतात ते."

शेठ माझ्यापासून हातभर अंतरावर होते. फोन नुसता पुढे करायचा होता. मी ऐकत राहिलो. तो दोनदा 'दादा, ऐकू येतंय ना?' म्हणाला. मी फोन बंद केला.

"कोना फोन व्हता रे?" शेठनी विचारलं.

"राँग नंबर," मी म्हणालो, आणि त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.