होडीच्या कारखान्यातला साक्षीदार

नोकरीत शेकडो गुन्ह्यांचा तपास केला, त्यातले बरेच विसरलोही. पण तांब्याच्या खिळ्यांचे प्रकरण काही केल्या विसरता येत नाही, कारण त्यात नको त्या माणसाला आत टाकणारा मीच होतो. साठच्या दशकातली गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा व्हायचा होता. मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो आणि आमचा कारभार रत्नागिरीहून चाले.

खाडीच्या काठी होड्या बांधायचा सरकारी कारखाना होता. मिठबावच्या एका मासेमारी करणाऱ्या घरातला विशीतला तरुण तिथे उमेदवार होता. जन्मापासून बहिरा, म्हणून बोलणेही नाही. बहिऱ्या मुलांना कामाला लावायच्या सरकारी योजनेतून त्याला विद्यावेतन मिळे. मिस्त्री फळीवर कोळशाने आखून दाखवी आणि हा अशी फळी तासे की सांध्यात नखही शिरू नये. सरकारी योजना म्हटली की आपण नाक मुरडतो, मीही मुरडायचो. पण ही खरोखर कामाची होती. महिनाअखेर त्याला कायम करायचे होते. अट एकच, पोलिसांचा वर्तणुकीचा दाखला स्वच्छ हवा.

अशात कारखान्यातून तांब्याच्या खिळ्यांचे पोते गेले. फिर्याद आली, पंचनामा झाला. दुसऱ्याच दिवशी बंदरावरचा आमचा नेहमीचा खबरी ठाण्यात आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "सायबानू, कारखान्यात तो मुको पोरगो आसा ना, तेका धरा. दुपारी सगळे जेवक जातत, तो एकटोच थंय बसता."

खबर पटण्यासारखी होती. हवालदाराने त्याला आणून जबाब लिहिला: 'विचारले असता मान हलवून गुन्हा कबूल केला.' पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण तेवढ्यावर माणूस कोठडीत जातो. मी सही केली. वाचायला अर्धे मिनिटही घेतले नाही.

सकाळी त्याची आई आली. मासे विकणारी बाई, टोपली पायरीवर ठेवून सरळ माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"सायबानू, माझो झील कशाकय मान हलयता. लोक वरडाक लागले की तो मान हलयता, मगे लोक गप ऱ्हवतत. लहानपणापासून तेची तीच सवय."

मला राग आला. आरोपीच्या आया काय काय सांगतात ते मी ऐकून होतो. म्हटले, बघूच. पोराला बाहेर काढले आणि दरडावून विचारले, "या हवालदाराच्या लग्नात वरमाई तूच होतीस ना?"

त्याने लगेच मान हलवली. शिपाई फिदीफिदी हसले. मी मात्र कालचा जबाब पुन्हा वाचायला घेतला.

"आता काय करायचे?" मी त्या बाईलाच विचारले.

"तोंडान नको. हातान इचारूक होया."

चोरीच्या जागी सांडलेला, पंचनाम्यात जप्त केलेला एक खिळा मी तिला दिला. तिने तो लेकापुढे धरला, मूठ झाकली, मग रिकामा तळवा दाखवून भुवया उंचावल्या. पोराचा चेहराच बदलला. तो उठला. डावा पाय ओढत चालला, चिमटीने नाकात तपकीर भरली, खांद्यावरच्या पंच्याने नाक पुसले, मागे वळून पाहिले आणि पोते उचलून खांद्यावर घेतले. असा माणूस बंदरावर एकच होता आणि त्याला कालच मी चहा पाजला होता.

हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, काल धरला तेव्हाही यानं हेच केलं. मला वाटलं चेष्टा करतोय. मी थोबाडीत दिली."

नक्कल हा काही पुरावा नव्हे. खबऱ्याला बोलावले. आधी आढेवेढे, मग शपथा, आणि तासाभरात सगळे बाहेर आले. माल फोंडाघाटच्या बाजारात एका तांबटाकडे सापडला, पोत्यावर कारखान्याची खूण तशीच होती. पोरगा समोर पटाशीला धार लावत बसला असताना चोरी केलीस कशी, असे विचारले तर खबरी म्हणतो, "तो मुको काय सांगतलो, असा वाटला माका."

त्याला दोष काय द्यायचा? आम्हालाही तेच वाटले होते. एक मिस्त्री आपली विद्या कोळशाच्या रेघांनी शिकवू शकतो, एक अडाणी पोर नुसत्या डोळ्यांनी माणूस असा टिपतो, आणि आम्ही वर्दीवाले ओरडण्यापलीकडे गेलो नाही. पुढे प्रत्येक नव्या शिपायाला मी सांगत आलो, समोरचा 'हो' म्हणाला तर आधी बघा, त्याला प्रश्न पोचला का.

दाखल्याच्या कागदावर एक रकाना होता: उमेदवाराची पोलीस चौकशी झाली असल्यास कारण. मी लिहिले, 'झाली. दोष या ठाण्याचा. एकुलत्या एका साक्षीदाराला आम्ही आरोपी केले.' हवालदार म्हणाला, "साहेब, हे तुमच्या बढतीवर येईल." आलेही. पण पोरगा महिनाअखेर कायम झाला.

नेमणुकीचा कागद दाखवायला मायलेक ठाण्यात आले. त्याला खुर्ची दिली आणि आईला विचारले, "माझे चुकले, हे हाताने कसे सांगायचे?"

ती म्हणाली, "माका ठावक नाय, सायबानू. तेका आजपर्यंत कोणी तसा म्हटल्यानच नाय."

मग मी उभा राहिलो आणि त्याच्यासमोर हात जोडले.