आमची आत्ती लोकसभेत बोलायची

आमची आत्ती लोकसभेत बोलायची. खासदार नव्हती, तरी.

आज तिला जाऊन वर्ष झालं. सकाळी वंदना झाली, खीरदान झालं, पाहुणे गेले. आणि मी ठरवलं, हे आज लिहूनच टाकायचं. कारण वेल्ह्यात निम्म्या लोकांना अजून वाटतं की ती दिल्लीला "कुठंतरी क्लार्क" होती.

रंजना आत्ती. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वेल्ह्याकडच्या मार्गासनी गावची. एसटीनं भोरला जाऊन कॉलेज केलं, मग पुण्यात इंग्रजीत एमए. नव्वदचं दशक सुरू होत होतं. तिनं दिल्लीची परीक्षा दिली आणि थेट लोकसभेत दुभाषी म्हणून लागली.

दुभाषी म्हणजे काय, हे आजोबांना समजावताना ती दमली होती.

सभागृहाच्या कडेला काचेची छोटी खोली. कानाला हेडफोन, पुढ्यात माईक. खासदार मराठीत बोलू लागला की हिनं त्याच्या पाठोपाठ इंग्रजीत बोलायचं, आणि बाकीच्यांनी ते आपापल्या हेडफोनवर ऐकायचं.

आजोबा म्हणाले, "म्हंजी बोलनार त्यो, आन् ऐकनार तुजं?"

व्हय. तेच.

दहा वर्षं राहिली ती दिल्लीत. आणि काय दहा वर्षं होती ती!

सरकारं येत होती, पडत होती, परत निवडणुका. तिनं पत्रात लिहिलं होतं की सध्या दिल्लीत मंत्र्यांच्या नावाच्या पाट्या रंगवणाऱ्याचं सगळ्यात बरं चाललंय.

करोल बागेत गच्चीवर एक खोली. उन्हाळ्यात तापलेला तवा, थंडीत बर्फ. घरमालकीण पंजाबी. तिनं आत्तीला राजमा शिकवला, आत्तीनं तिला भाकरी थापायला शिकवली. त्यांच्याकडे केबल आली तेव्हा अख्खी गल्ली त्या एका टीव्हीसमोर.

संध्याकाळी मंडी हाउसला नाटकं. बंगाली, कन्नड, मणिपुरी, काहीही. भाषा येत नसली तरी ही जाऊन बसायची. म्हणायची, दिवसभर शब्दच शब्द, एक तास तरी काही न कळता बघू दे.

जेवणाच्या सुट्टीत कधी कधी जंतरमंतरला चक्कर. कुठल्या राज्याचे लोक आलेत, काय मागतायत, उभी राहून विचारायची. चौदा एप्रिलला संसद मार्ग निळा व्हायचा. त्या दिवशी तिचं पत्र दोन पानं जास्त असायचं.

पण मला सांगायचाय तो दिवस वेगळा.

तिचं पहिलं वर्ष. नोकरी अजून पक्की नव्हती. आपल्याकडच्या डोंगराळ भागातले एक खासदार मराठीत बोलणार होते. विषय, धरणात गेलेली गावं. ड्युटी तिच्या सीनियरची. ते नागपूरचे, फार हुशार माणूस. हिनं नुसतं शेजारी बसून शिकायचं.

खासदार उभे राहिले. पहिली दोन वाक्यं छापील मराठी. मग त्यांनी हातातला कागद खाली ठेवला आणि घरी बोलतात तसं बोलायला लागले. राब भाजला होता, म्हणाले. तरवा उपटून बायका खाचरात उतरल्या होत्या. तेवढ्यात पाणी आलं.

सीनियर थांबले. राब? तरवा? विदर्भातल्या माणसाला हे शब्द कुठून माहीत असणार!

हेडफोनवर शांतता. सभागृहात लोक मागं वळून काचेकडे बघायला लागले.

सीनियरनी माईक तिच्याकडं सरकवला. "बोल."

आणि ती बोलली. पेरणीआधी पालापाचोळा जाळून भाजलेली जमीन, त्यात वाढवलेली भाताची कोवळी रोपं, गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया. तिला अडायचं कारणच नव्हतं. तिच्या आईचं माहेर गुंजवणे. तिथल्या खाचरात तिनं स्वतः लावणी केली होती. आणि तिथंही तेव्हा धरणाची मोजणी सुरू झाली होती.

दुभाष्याचा एक नियम असतो. खासदार "मी" म्हणाला की आपणही "मी"च म्हणायचं. "ते म्हणतात" असं नाही.

खासदार म्हणाले, "माजी आई तरवा हातात घिऊन तशीच हुबी ऱ्हायली."

आत्तीनं ते इंग्रजीत म्हटलं. माझी आई. तशीच उभी राहिली.

आवाज हलवायची परवानगी नसते. तिनं हलू दिला नाही. पण मला सांगताना म्हणाली होती, "अगं, मला कळंना, आता कुणाची आई म्हनत्ये मी."

भाषण संपलं आणि बाकं वाजली. दूर आसामकडच्या एका खासदार बाईंनी लॉबीत विचारलं म्हणे, ही मुलगी कोण?

थोड्या वेळानं ते खासदार स्वतः त्या खोलीच्या दाराशी आले. "तुमी कुठल्या?"

"मार्गासनी."

"म्हनूनच," म्हणाले, आणि हात जोडले.

त्या भाषणानं पाणी मागं हटलं नाही. मंत्र्यांनी लक्ष घालतो म्हटलं, खासदार पुढची कैक वर्षं झगडत राहिले, थोड्यांना जमिनी मिळाल्या, थोड्यांना नाही. आत्ती हे कधी लपवायची नाही. पण तिची नोकरी पक्की झाली, आणि सीनियरनी एक वही करायला घेतली. त्यात आपल्याकडचे शेतीचे शब्द, आत्ती सांगेल तसे.

आजी आजारी पडली तेव्हा आत्ती परत आली. लोक हळहळले. ती नाही. भोरला दोन खोल्या घेतल्या आणि इंग्रजी शिकवायला लागली. पार किकवी गावापासून मुली यायच्या. तिचा एकच हट्ट: आधी तुझ्या घरच्या भाषेत नीट सांग, मग इंग्रजीत.

मी तिच्याकडंच शिकले. आज कोर्टात साक्षीदारांचं बोलणं भाषांतरित करते. परवा एक म्हातारी साक्ष देताना घाबरून गप्प झाली. मी तिला म्हटलं, आजी, घरी बोलता तसं बोला, मला कळतंय.

ती बोलली. तासभर बोलली!

आत्ती, हे तुला फोन करून सांगायचं होतं गं.

जयभीम. तुझ्या सगळ्या मुलींकडून तुला मनापासून आदरांजली.