लंकाबाईची मान

माझ्या आईनं आयुष्यात एकाच माणसावर सूड उगवला. सूड ही वाईट गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचू नये. मला ती चांगली गोष्ट वाटते, आणि आईनं ती किती तब्येतीत केली ते सांगायलाच मी बसले आहे.

आईचं नाव लंकाबाई. आमचं गाव पाथर्डीच्या पुढं. तिथली निम्मी घरं दसरा झाला की कुलूप लावून ऊस तोडायला जातात. आई कधी तोडीला गेली नाही. वडील लवकर वारले आणि त्यांची पिठाची गिरणी तिनं हातात घेतली. बुटकी पत्र्याची शेड, आत मोटार आणि पट्टा, आणि सगळा आवाज पत्र्यावर आपटून परत डोक्यात. त्या गिरणीनं आम्हा दोघी बहिणींना, मला म्हणजे सवीला आणि धाकट्या पंकजाला, जेवू घातलं आणि आईचे कान खाल्ले. एकदम नाही. आधी पाखरं गेली, मग फोनची रिंग, मग माणसांचं बोलणं. एकटं माणूस समोर उभं राहून बोललं तर ती तोंडाकडे बघून बरंच ओळखायची. चार जण एकदम बोलायला लागले की संपलं.

मग ती मान हलवायची. घरात कमी ऐकणारं माणूस असेल तर तुम्हाला ही मान माहीत असेल. "काय म्हणालात?" असं माणूस किती वेळा विचारणार? लोक आठ्या घालतात, "जाऊ दे, काही नाही" म्हणतात. त्यापेक्षा मान हलवली की सुटका. दळण बारीक पाहिजे, मान. जाडं पाहिजे, मान. गाव हसायचं आणि त्यांच्याबरोबर तीही हसायची. या मानेचा नीट उपयोग कसा करायचा ते मात्र एकाच माणसाला कळलं होतं. भागवतआबांना, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाला.

आबा ऊसतोडीचे मुकादम. तोडीला एकटा गडी चालत नाही, नवराबायकोची जोडी लागते. त्या जोडीलाच कोयता म्हणतात. टोळीत जितके कोयते जास्त, तितका मुकादमाचा रुबाब. म्हणून दसऱ्याच्या तोंडावर आमच्याकडे लग्नांची घाई उडते, आणि त्या घाईत आबांचा हात कोणी धरू शकत नाही. कुठं एकटा गडी दिसला की आबा त्याला बायको शोधायला लागतात. त्यांना पोरगी दिसत नाही, अर्धा कोयता दिसतो.

माझं लग्न असंच ठरलं. आबांच्या अंगणात सुपारी फोडायची बैठक होती. पुरुष सतरंजीवर, बायका पार मागं दाराशी. बाप नसेल तर पोरीच्या आईला सगळ्यांदेखत एकदा विचारायचं, अशी आमच्या भावकीत रीत आहे. मुलाकडच्यांनी बैठकीत सांगून टाकलं होतं की मुलाचं पहिलं लग्न झालंय, बायको नांदली नाही, आईला चालतंय का विचारा. आबांनी लांबूनच आईकडे तोंड केलं, पंजा वर केला आणि काहीतरी म्हणाले. गलका होता. आईला वाटलं, पोरगं पसंत आहे का एवढंच विचारतायत. तिनं मान हलवली. सुपारी फुटली. मी तेव्हा चुलीपाशी चहा गाळत होते.

त्या माणसाबरोबर मी जितके हंगाम काढले तितके काढले. त्याचा हात कशावरूनही उठायचा. मोळी सैल बांधली म्हणून, गाडी भरायला उशीर झाला म्हणून. शेवटी एका थळावरून, म्हणजे तोडीच्या मुक्कामावरून, मी अंगावरच्या लुगड्यानिशी एसटीत बसले आणि गावी आले. भावकी जमली तेव्हा आबा शांतपणे म्हणाले, "आमी काय चोरून केलं का? आईला इचारून केलं. तिनं मान हलवली हुती." सगळे आईकडे बघायला लागले. मीही बघायला लागले. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, तुला काय विचारलं होतं माहीत आहे का? आणि मला सासरी गेल्यावर कळलेला तो सवाल सांगितला. आई गिरणीत गेली, तिनं मोटार बंद केली आणि पिठाच्या डब्यावर बसून राहिली. लोक दळण ठेवून परत गेले. भांडण नाही, शिव्या नाहीत. पण त्या दिवसापासून आबांचं दळण आलं की ती ते सगळ्यांत शेवटी घ्यायची, आणि तिच्या डोळ्यांत जे असायचं ते बघून मला बरं वाटायचं.

मी नगरला, सावेडीत आले. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागले, धाकट्या पंकजाला तिथंच नर्सिंगला घातलं, आणि आईला धरून कानाच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या दिपालीमॅडम वयानं माझ्याएवढ्या. त्यांनी दोन्ही कानांमागं मशीनं बसवली आणि हळूच विचारलं, "लंकाबाई, ऐकू येतंय का?" आई दचकली. मग म्हणाली, "एवढ्या हळू बोलत्यात व्हय मानसं?"

गोड प्रसंग इथंच संपला. रस्त्यावर पाय ठेवला आणि रिक्षाचा हॉर्न वाजला, तशी आईनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. एसटी स्टँडवर तर ती खालीच बसली. भोंगा, कंडक्टर, रडणारं पोर, कुणाची तरी पिशवी घासतेय, सगळं सारख्याच जोरानं कानात. माणसाचं बोलणं त्यातून निवडून काढायचं हे तिचं डोकं विसरूनच गेलं होतं. घरी भांड्याला भांडं लागलं की ती पोरांना रागवावं तशी भांड्यांना रागवायची. भाकरी चावताना स्वतःच्याच दातांचा आवाज ऐकून जेवण टाकून उठली. आठवडाभरात मशीनं डबीत गेली आणि डबी फळीवर. "भईरी हुते तीच बरी हुते," म्हणाली.

मी चिडले. पण चिडून उपयोग नव्हता. उपयोग झाला तो आबांचा. त्यांनी पंकजासाठी स्थळ आणलं. मुलगा चांगला होता म्हणे, फक्त त्याची जोडी नव्हती आणि दसरा दोन महिन्यांवर आला होता. पंकजानं फोनवर रडून नको म्हटलं. आबा म्हणाले, "पोरीला काय कळतंय? बैठकीत आई व्हय म्हनली की झालं."

मी आईला म्हटलं, आत्ताच नाही म्हण आणि मोकळी हो. आईनं फळीवरची डबी काढली, पदरानं पुसली आणि म्हणाली, "न्हाई. बैठक हुंदी."

त्यानंतर ती ज्या रागानं शिकली, तसं मी कुणाला शिकताना पाहिलं नाही. दिपालीमॅडमनी सांगितलं होतं तसं आधी घरात, मग ओट्यावर, मग दुकानात, आणि शेवटी पाथर्डीच्या बाजारात. गिरणी चालू असताना मशीनं काढायची, एरवी काढायची नाहीत. मॅडमनी तीन गोष्टी घोकून घेतल्या. गोंगाटाकडे पाठ करायची. बोलणाऱ्याच्या समोर, जवळ बसायचं. आणि कळलं नाही तर मान हलवायची नाही, परत सांगा म्हणायचं. चौथी गोष्ट आईलाच सापडली. डोक्यावरचा पदर मशीनवर घासला की कानात नुसती खरखर होते. पदर कानामागं सारला की खरखर थांबते. पण थोरल्या दिरासमोर आईचा पदर कधी कपाळावरून हलला नव्हता.

बाजाराच्या दिवशी मी सावेडीहून येऊन तिच्याबरोबर असायचे. मेथीवाल्याला ती तीन तीनदा "परत सांगा" म्हणायची. तो वैतागायचा. आई माझ्याकडे वळून म्हणायची, "वैतागू दे. भावजीबी वैतागनार हायेत." घरी आल्यावर डोकं ठणकायचं, कपाळाला फडकं बांधून पडायची. दुसऱ्या बाजाराला परत तयार. मला एकच भीती होती. कान सुधारतील, पण ती मान? इतक्या वर्षांची सवय. ऐन वेळी खाली गेली तर पंकजाच्या पुस्तकांच्या जागी कोयता.

बैठक नवरात्रात ठरली. आबांच्या अंगणाला लागून देवीचा मांडव आणि त्यावर भोंगा, गाणी दणदणत होती. आबांनी जागा मुद्दाम निवडली असं मी म्हणणार नाही. पण भोंगा बंद करा असंही ते म्हणाले नाहीत. आम्ही दाराशी बसलो, आई पदर पुढं ओढून. मशीनं पदराखाली, कुणालाच माहीत नाही.

मुलाचे चुलते पुंजाराम म्हणून पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. ते आबांकडे वाकून काही बोलले. आबांनी मान वळवली, पंजा वर केला, तोच पंजा, आणि आईकडे बघून ओठ हलवले.

आईची हनुवटी खाली निघाली. मी बघितली. आणि हनुवटी तिथंच थांबली.

आई उठली. बायकांमधून वाट काढत ती थेट सतरंजीवर गेली आणि मांडवाकडे पाठ करून आबांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली. मग दोन्ही हातांनी पदर कानांमागं सारला. तो डोक्यावरून घसरून खांद्यावर पडला. मागून कुणीतरी कळवळलं, "अगं बाई, पदर!"

"पदर कानाला घासतोय," आई म्हणाली. "आता इचारा, भावजी."

आबा हसले, पुंजारामांकडे वळून म्हणाले, "हिला काय ऐकू येतंय!"

"हिला काय ऐकू येतंय, म्हनलात. आलं ऐकू. म्होरलं बोला."

आबांचं हसू गेलं. भोंग्याच्या आवाजातच ते काहीतरी पुटपुटले. आई म्हणाली, "परत सांगा." ते पुन्हा बोलले. "परत सांगा, भोंगा वाजतोय. मोठ्यानं." आता सगळे ऐकायला लागले होते. कुणीतरी मांडवात जाऊन भोंगा बंद केला. आबांना त्या शांततेत ओरडून बोलावं लागलं, "पंकजानं शाळा सोडायची आन दसऱ्यापास्नं कोयत्यावर यायचं! चालंल का?"

हळू आवाजात हे वाक्य चाललं असतं. ओरडल्यावर ते जसं होतं तसं दिसलं. पुंजारामांनी नजर खाली घातली.

"न्हाई," आई म्हणाली. "पोरगी नर्स हुनार हाय."

आबा उठायला लागले. आईनं हात धरला नाही, नुसती म्हणाली, "बसा. दुसरा सवाल ऱ्हायलाय. सवीच्या बैठकीतला. त्यो मला ऐकू आला न्हवता आन तुमाला म्हाईत हुतं. मी त्येचा जबाब दिलेला न्हाई. आज इचारा, आज देते."

"झालं गेलं, लंकाबाई."

"परत सांगा."

"झालं गेलं म्हनलं!"

"ते न्हाई. सवाल सांगा."

मी दाराची चौकट धरून उभी होते. आबांनी भावकीतल्या एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, कोणी मदतीला येईना. शेवटी पुंजारामच म्हणाले, "इचारा की. बाई एवढंच मागतीया."

आबा जमिनीकडे बघून म्हणाले, "पोराची पयली बायकू नांदली न्हाई. चालंल का?"

"का नांदली न्हाई?"

आबा तोंड फिरवून मांडवाकडे बघायला लागले.

"का नांदली न्हाई, भावजी? मला ऐकू येत न्हाई."

"मारायचा," आबा म्हणाले.

म्हणजे त्यांना माहीत होतं. माझं लग्न लावताना त्यांना हे माहीत होतं. माझ्या पाठीवरचा एकेक वळ त्यांना आधीपासून माहीत होता. आई माझ्याकडे वळली. पदर अजून खांद्यावरच होता. "सवे, ऐकलंस का?" तिनं विचारलं. मी ऐकलं म्हणाले. मग ती परत आबांकडे फिरली आणि एवढ्या वर्षांचा थकलेला जबाब त्यांच्या तोंडावर दिला. "न्हाई. चालत न्हाई."

पुंजारामांनी न फोडलेली सुपारी उचलून खिशात घातली आणि ते आईला नमस्कार करून गेले. मला कुणाची कीव आली नाही. मला आनंद झाला, पोटभर जेवल्यावर होतो तसा.

दसरा झाला. आबांच्या टोळीतले कोयते एकेक करून दुसऱ्या मुकादमाकडे गेले. ज्यांच्या घरात लग्नाच्या पोरी होत्या ते आधी गेले. मग एका सकाळी आबा गिरणीत आले, दळण न घेता. मी सुट्टीला आलेली, तिथंच डबे लावत होते. ते बराच वेळ उंबऱ्यावर घोटाळले आणि म्हणाले, "लंकाबाई, चुकलं माजं. भावकीला तेवढं सांग, की तुजं मन साफ हाय म्हून. मानसं माज्याकडं येईनात."

आईनं कानामागची मशीनं काढली. आधी एक, मग दुसरं. दोन्ही डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं आणि मोटारीचं बटण दाबलं. पत्रा थरथरायला लागला. आबा हातवारे करून बोलत राहिले, त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. आई गिरणीत ज्वारी सोडत होती, त्यांच्या तोंडाकडे एकदाही न बघता, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

ते गेल्यावर मी मोटार बंद केली आणि तिच्या कानाशी ओरडले, "अगं, मान कशाला हलवलीस? आता गावभर सांगत फिरतील!"

"फिरू दे," आई पीठ झटकत म्हणाली. "सांगू दे लंकाबाईनं मान हलवली म्हून. आता कोन खरं मानतंय?"