पुतळ्याच्या पायाची पट्टी

कोपरीकरांनो, मंडळाच्या फळ्यावर आज सुविचार नाही, माझी हकिगत वाचा.

भाची सुलू आणि तिचे बाबा, म्हणजे आमचे दाजी, यांच्याबरोबर लढाईचं स्मारक बघायला गेलेलो. मी बाहेर तोफेवरच चढून बसलेलो, दाजींनी ओढून आत नेलं.

स्मारकाच्या संग्रहालयातला पहारेकरी शिपायाच्या पुतळ्याच्या पायाला कापडी पट्टी गुंडाळत होता. ती सारखी घसरत होती.

सुलू म्हणाली, "काका, वरून नाय, घोट्यापासून वर गुंडाळा."

"तू गेलेलीस गं लढाईवर?"

"बाबा गेलेले. त्यांचा एक हात तिकडंच राहिला. मिठागरावर जाताना खारं पाणी लागू नये म्हणून त्यांच्या पायाला अशाच पट्ट्या मीच बांधते."

आठ वर्षांच्या पोरीने पट्टी अशी बांधली की ओढूनही सुटेना!

पहारेकऱ्याने दाजींना विचारलं, "पलटण कुठली?"

घरात लढाईचा विषय निघाला की दाजी उठून जातात. आज ताठ उभे राहिले आणि पलटणीचं नाव असं गरजले की सगळे वळून बघायला लागले. मग एकेक बंदूक त्यांनी स्वतः समजावली.

इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही पलटण कुठली ते विचारलं नव्हतं. तुमच्या आळीतल्या शिपायाला तुम्ही विचारलंय?