बोलावणं आलं की येईन

आमचे हे मूळचे वेल्ह्याकडच्या मार्गासनीचे. गावाच्या वरच्या पठारावर जननीचं ठाणं आहे. लग्न झाल्यापासून हे दर नवरात्रात तिथं चढून जात आणि मी खाली थांबे. चल म्हणाले की माझं उत्तर ठरलेलं, "बोलावणं आलं की येईन." देवीचं बोलावणं आल्याशिवाय दर्शन घडत नाही, असं त्यांच्याकडचीच माणसं म्हणत. मी ते सोयीनं वापरलं, एवढंच. श्रद्धा अगदीच नव्हती असं नाही, पण गुडघेही होते, आणि शेंदूर लावलेला दगड आपल्याला ओळखतो हे मानणं मला जड जायचं.

ह्यांची बायपास झाल्यावर आम्ही लेकीकडे राहिलो. परत पुण्याला निघताना दगदग नको म्हणून तिनं छोट्या विमानाची तिकिटं काढून दिली. नाकावर एकच पंखा आणि आत मोजकी माणसं, गावाकडच्या भाड्याच्या वडाप जीपसारखी. दसरा नुकताच झाला होता. भोरचे डोंगर दिसू लागले तसे हे खिडकीला नाक लावून गाव शोधायला लागले. तेवढ्यात पुढं काहीतरी खडखडलं आणि इंजिनाचा आवाज बंद पडला. आतला एक भाग तुटला होता, असं पुढं चौकशीत निघालं. वैमानिकानं मागं न बघता डोकी खाली घालायला सांगितलं आणि विमान पठाराकडे वळवलं. मी देवाचं नाव घेतलं नाही. ह्यांच्या छातीवर दोन्ही हात दाबून धरले. टाके उसवतील, एवढीच भीती मनात होती.

आपटल्यावर विमानाची शेपटी फुटली आणि मागच्या बाकावरचे आम्ही दोघं तिथूनच बाहेर पडलो. बाकीचे पलीकडच्या दारानं उतरले. सकाळचं धुकं, त्यात काळा धूर आणि कमरेएवढं गवत. हात लांब केला तर तो दिसेना. इंधनाचा वास यायला लागला, कुणीतरी लांब पळा म्हणून ओरडलं. ह्यांना धाप लागली होती, ओठ निळे पडत चालले होते. जिकडे उतार होता तिकडे मी त्यांना धरून निघाले, कारण चढ त्यांना झेपला नसता.

तेव्हा मागून एका बाईचा आवाज आला, "ये गं बाये, ये. तिकडं कुठं चालली? हिकडं ये." आवाजात काळजी होती आणि राग जास्त, घरचं माणूस ओरडतं तसा. मी "आले, आले" म्हणाले आणि ह्यांना वळवलं. चढ होता तरी वळवलं. ती हाका मारत राहिली आणि आम्ही त्या धरून चालत राहिलो. मागं विमानानं पेट घेतला.

आवाज ठकूमावशींचा होता. त्या जननीच्याच पठारावर, धनगरवाड्यात एकट्या राहतात. त्यांनी ह्यांना घोंगडीवर निजवलं, पाणी पाजलं, गावातल्या लोकांना मोबाईलवर कळवलं. ह्यांचा श्वास ठिकाणावर आला तेव्हा मला रडू फुटलं. थोड्या वेळानं धुकं उठलं. आम्ही जिकडे निघालो होतो तिकडे दहा-बारा पावलांपुढे जमीनच नव्हती, सरळ कडा होता.

मी त्यांचे हात धरले. "मावशी, तुम्ही हाक मारली नसती तर आम्ही राहिलो नसतो."

त्या ओशाळल्या. "म्या कुठं तुमाला मारली? तुमी तर दिसतबी न्हवता. लई मोटा आवाज झाला, म्हनलं गाय बुजून कड्याकडं पळाली. तिला हाका मारीत व्हते. आल्या तुमी."

"मग गाय?"

त्यांनी खोपटामागच्या गोठ्याकडे बोट केलं. गाय दावणीला रवंथ करत उभी होती. "हितंच व्हती जनू. म्या आत बगितलंच न्हाई."

बाकीचे प्रवासी भाजले, मोडले, पण जगले. तरुण वैमानिक गेला. म्हणून देवीनं आम्हाला वाचवलं, असं मी कुणाला सांगत नाही. मग त्या पोराचं काय? मला एवढंच ठाऊक आहे की त्या दिवशी मला वाट दिसत नव्हती आणि मी शहाणपण न चालवता हाकेमागं गेले. सगळा जन्म मी आधी पटवून घेऊन मग पाऊल टाकलं. त्या दिवशी तेवढी सवड नव्हती, आणि ते बरं झालं.

आता चढ ह्यांना मना आहे. नवरात्रात हे खाली मार्गासनीत थांबतात आणि मी तेच गुडघे घेऊन वर जाते. जननीची ओटी भरते, वैमानिकाच्या नावानं दिवा लावते, गाईला पेंड देते. वाट चढताना वरून ठकूमावशींची हाक येते, "ये गं बाये, ये." गाय आसपासच चरत असते. हाक तिला आहे की मला, हे मी विचारत नाही. आले म्हणते आणि चढते.