तळ्याकाठच्या हॉटेलातला मानपान

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचं ट्रॅव्हल एजन्सीचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझ्या नवऱ्याचं. सहा वर्षांपूर्वी तो गेला आणि ते माझं झालं. एका बाजूला दातांचा दवाखाना, वर गणिताचा क्लास, आणि मध्ये मी. पूर्वी सुट्ट्यांच्या दिवसांत आमच्याकडे बसायला जागा नसायची. आता सगळं मोबाईलवर मिळतं म्हटल्यावर माझ्याकडे कोण येणार? जे यायचे, ते झेरॉक्स कुठे मिळेल हे विचारायला. दिरांनी एकदा जेवताना शांतपणे सांगितलं, की दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर गाळा भाड्यानं देऊन टाकू. त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला.

त्याच रागात मी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीच्या हाताखाली नाव नोंदवलं. या कंपनीचं बड्या बड्या हॉटेलांशी सूत जमलेलं. तिच्यामार्फत खोली घेतली तर दर हॉटेलच्या वेबसाइटवर असतो तोच; पण पाहुण्यांना दोघांचा नाश्ता मोफत, रिकामी असेल तर वरच्या दर्जाची खोली, आणि निघायच्या दिवशी दुपारी चारपर्यंत आरामात राहायची मुभा. माझं कमिशन हॉटेलच देणार. पुण्याच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या बाईंना मी सरळ विचारलं, यात गोम काय आहे? त्या म्हणाल्या, "काही नाही. हॉटेलांना चांगले पाहुणे हवे असतात, आणि ते तुम्ही पाठवाल असं ती धरून चालतात." मी थक्क झाले. ज्यांच्या फाटकातून मी आयुष्यात आत गेले नव्हते, ती हॉटेलं माझ्या शब्दावर कुणाला तरी मोठी खोली देणार होती. फक्त पहिले काही महिने मी कच्च्या यादीत होते. हॉटेलची एक जरी तक्रार आली, तरी माझं नाव कटणार होतं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आले अण्णा आणि अक्का. अण्णा गुळाचे व्यापारी, नवऱ्याच्या ओळखीतले. कपाळाला विभूती आणि आवाज असा, की दवाखान्यात तोंड उघडून बसलेल्यालाही त्यांचा बेत कळावा. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून बंगळूरच्या लेकीनं दोघांना उदयपूरचं तळ्याकाठचं एक हॉटेल सुचवलं होतं. अण्णांचा मात्र मोबाईलवर विश्वास नव्हता.

"ज्याचं त्वांड बघितलं न्हाय, त्याच्याकडनं मी कायबी घेत न्हाय," ते म्हणाले.

मी एकेक फायदा समजावून सांगितला. अण्णांच्या कपाळावरची आठी वाढतच गेली. "दर त्योच, मग ह्ये फुकाट कशापायी? नासका माल खपवत्यात काय?"

पुण्यात शिकवलेलं उत्तर मी पाठ म्हणून दाखवलं. ते त्यांना पटलं नाही. मला तरी कुठे नीट पटलं होतं? शेवटी तोंडाला आलं ते बोलले. "अण्णा, लग्नात मध्यस्थाच्या शब्दावर व्याह्यांचा मानपान होतो की नाही? तसं हे. हा तुमचा मान आहे."

"मग आसं सांगा की वैनी," अण्णा म्हणाले, आणि दोघं खुर्च्यांत सैलावून बसली.

बुकिंगच्या अर्जात हॉटेलला दोन ओळी लिहायची जागा असते. म्हणून मी अक्कांना विचारलं, तुम्हाला काय काय लागतं? त्यांनी आधी अण्णांचंच सांगायला सुरुवात केली. तसं नव्हे, तुम्हाला काय लागतं, असं पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी टेबलाची काच पदरानं पुसली. मग हळूच म्हणाल्या, "पहाटं पाचला चा लागतोय. गुळाचा. पर तितं कोण उठंल माज्यासाटी?" मी ते इंग्रजीत लिहिलं आणि पाठवून दिलं. कोण वाचणार आहे, असं माझ्याही मनात आलंच.

दोघं उदयपूरला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मला माझी चूक कळली. अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. मागे एवढी मोठी पांढरी शुभ्र दगडी ओसरी, तिच्या कमानीतून दिसणारं तळं. समोर काळ्या सुटातला उंच मॅनेजर, त्याच्या डोक्यावर भगवा कोल्हापुरी फेटा, आणि दोन्ही हातांत गुळाची ढेप. शेजारी अक्का काउंटरवरच्या मुलीची ओटी भरत होत्या. खण, नारळ, तांदूळ, सगळं त्यांनी इथूनच बांधून नेलं होतं. ती मुलगी आपली ओढणी पसरून हसू आवरत उभी होती.

"वैनी, त्येंनी मान केला. आता आमचा आहेर," अण्णा ओरडून म्हणाले.

मानपान कधी एकतर्फी नसतो, हे मी विसरलेच होते. विसरण्यासारखंच होतं. नवरा गेल्यापासून आहेराच्या, ओटीच्या वेळी मी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढते. कुणी जा म्हणत नाही, पण कुणी हाकही मारत नाही. आता माझ्या त्या एका शब्दापायी एवढ्या भारी हॉटेलात भर सकाळी फेटे बांधणं चाललं होतं, आणि बाकीचे पाहुणे माना वळवून बघत होते. दुकान गेलं, एवढंच मला कळत होतं. दुपारी पुण्याचा निरोप आला, तुमच्या पाहुण्यांबद्दल हॉटेलचं पत्र आलंय, फोन करा. मी दोन ग्लास पाणी प्यायले आणि फोन लावला.

बाईंनी पत्र वाचून दाखवलं. मॅनेजरनं लिहिलं होतं, की वैतागलेले पाहुणे रोज भेटतात, पण उलट आहेर करणारे त्याच्या नोकरीत पहिलेच. फेटा त्यानं जेवताना उतरवला आणि आता तो परत बांधता येत नाहीये, तरी बांधायचा व्हिडिओ मिळेल का? असे आणखी पाहुणे असतील तर जरूर पाठवा. बाई म्हणाल्या, "तुमचं नाव पक्कं केलंय." मी फोन ठेवला आणि पोट दुखेपर्यंत हसले. दिरांना दुकानात बोलावून सांगितलं, तर त्यांनी भिंतीचा एक पोपडा नखानं काढून पाहिला. मग म्हणाले, "दिवाळीआधी दुकानाला रंग देऊन घेऊ."

उदयपूरहून परत आल्यावर दोघं मला भेटायला दुकानात आली. अक्कांनी पिशवीतून एक जाड कार्ड काढलं आणि म्हणाल्या, "वाचून दाव की. आमाला इंग्रजी येत न्हाय." खोलीत मिठाईच्या ताटलीजवळ ठेवलेलं ते स्वागताचं कार्ड होतं. मॅनेजरनं शाईनं, हातानं लिहिलेलं. खाली एक ओळ होती, आपल्या कोल्हापूरच्या एजन्सीच्या वतीनं सप्रेम, आणि तिथं माझ्या दुकानाचं नाव. ते तीन वेळा वाचलं तरी खरं वाटेना. मी इथं दवाखाना आणि क्लासच्या मध्ये बसलेली, आणि माझ्या दुकानाचं नाव तळ्याकाठच्या त्या खोलीत मिठाईशेजारी जाऊन बसलं होतं.

"आणि चहा?" मी विचारलं.

"पाचाच्या ठोक्याला दारात. गुळाचा," अक्का म्हणाल्या. "चाळीस वर्सांत आयता चा पयल्यांदा पिली मी. रडाया आलं बग."

मग त्यांनी पिशवीतून खण काढला, नारळ काढला, ओंजळीत तांदूळ घेतले आणि उभ्या राहिल्या. माझ्या लक्षात आलं तशी मी खुर्ची मागे सरकवली. "अक्का, मला नाही चालत. तुम्हाला माहीत आहे ना?"

"मला सगळं म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "त्या पोरीची वटी भरली ती तू तितं न्हवतीस म्हणून. मान कुणामुळं झाला? पदर पसर."

मी अण्णांकडे बघितलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मी पदर पसरला. सहा वर्षांनी त्यात नारळ पडला, आणि तो माझ्या आठवणीतल्यापेक्षा जड होता.